आमच्या खळ्यावरचा हॉकी क्लब

क्लबची पुस्तिका निघायची आहे आणि तिच्यात क्लबचा इतिहास मी लिहायचा आहे. का, तर पहिल्या दिवसापासून रोज तिथे बसून बघणारी मीच, असं सर म्हणाले. माझी शाळा चौथीत सुटली. पुढचं लिहिणं मी नातीच्या अभ्यासाला बसता बसता शिकले. तेव्हा चुकलंमाकलं पोटात घाला.

तर आमच्या सारसोळ्याला खाडीच्या कडेला सिमेंटचा मोठा ओटा आहे, मासळी सुकवायचा. त्याला आम्ही खळा म्हणतो. ही हॉकी त्या खळ्यावर सुरू झाली. पायात चाकं बांधून खेळतात ती. सुरू करणारे सर मूळचे लातूरकडचे, नोकरी बेलापूरला. ज्यांच्या गावात उन्हाळ्यात पाणीसुद्धा टँकरने येतं, त्यांना वेड कशाचं, तर बर्फावरच्या हॉकीचं. टीव्हीवर बघून लागलेलं. बर्फ मिळेना म्हणून चाकं. एक दिवस आपली मुलं खऱ्या बर्फावर खेळतील, असं ते मला सारखं सांगायचे. मी म्हणायचे, सर, बर्फ आमच्याकडे हवा तेवढा आहे, पण त्याच्यावर पापलेट झोपलेत.

खळा बायकांचा. त्यांनी अट घातली की चार वाजेपर्यंत जवळा सुकणार, चारनंतर क्लब, आणि झाडायचं क्लबने. त्यामुळे पहिलं वर्षभर आमच्या मुलांना हॉकीपेक्षा झाडूच बरा जमत होता. वास काही झाडून जात नाही. वाशीचा क्लब पहिल्यांदा खेळायला आला तेव्हा त्यांच्यातल्या एका आईने नाकाला लावलेला रुमाल शेवटपर्यंत काढला नाही. जाताना मात्र सुक्या कोळंबीचे अर्धा किलो सोडे घेऊन गेली.

असं बरं चाललं होतं, तेवढ्यात गावकीत विषय निघाला. गावात गाड्या झाल्या होत्या, लावायला जागा नव्हती. दुपारनंतर खळा मोकळाच असतो म्हणे. सर धावत गेले. गावकीने सांगितलं, तुमचा क्लब खरा आहे असा हॉकीच्या संघटनेचा कागद आणा, नाहीतर पुढच्या महिन्यापासून गाड्या लागतील. सरांनी खटपट करून संघटनेच्या दोन पाहुण्यांना बोलावलं. ते वाशीबरोबरचा सामना बघणार, जागा बघणार, आणि पसंत पडलं तर कागद देणार.

सगळं होतं, फक्त गोलाच्या जाळ्या फाटलेल्या. सर विकत आणायला निघाले होते. मीच म्हटलं, थांबा. कोळ्याच्या गावात जाळं बाहेरून आणाल तर लोक हसतील.

त्यात माझा थोडा स्वार्थ होता. आमच्या ह्यांनी गुडघ्यांपायी होडी सोडली होती आणि दिवसभर घरात बसून ते टीव्हीवरच्या बातम्यांशी भांडायचे. मला वाटलं, हाताला काम मिळेल आणि माझ्या कानाला सुट्टी. सर माप लिहून घेऊन आले. ह्यांनी कागद न बघता परत केला. म्हणाले, माप हातात हाय. मग आठ दिवस खाणं, झोपणं आणि विणणं. टीव्ही बंद. मी इतकी खूश होते की ते काय विणतायत हे बघायला गेलेच नाही. तीच माझी चूक.

सामन्याच्या दिवशी ह्यांनी स्वतःच जाळ्या बांधल्या. समोरून इतक्या सुबक दिसत होत्या की पाहुण्यांनी हात लावून बघितलं. खेळ सुरू झाला आणि आमच्या नातीनेच पहिला गोल केला. टाळ्या पडल्या. मग टाळ्या थांबल्या, कारण चेंडू कुठे दिसेना.

ह्यांनी डोल विणली होती. डोल म्हणजे खाडीत लावायचं जाळं, तोंडाला रुंद आणि मागे निमुळती होत गेलेली बारीक विणीची लांब शेपटी. त्या शेपटीला खोला म्हणतात. मासा तोंडातून शिरतो आणि खोल्यात जाऊन पडतो. आमच्या खळ्याला पाणी वाहून जायला मधून दोन्ही टोकांकडे उतार आहे, तेव्हा चेंडूही गुमान खोल्यात जाऊन बसला होता. खोल्याचं टोक बांधलेलं, गाठ भिजवून आवळलेली. सर बोटांनी ओढून थकले.

मग आमचे हे उठले. गुडघ्यावर हात ठेवत, सगळ्यांना थांबवून ठेवत सावकाश गेले, गाठ सोडली आणि खोला झटकला. सवयीने दोन बायका टोपली घेऊन पुढे झाल्या. चेंडू पडला. हे परत गाठ मारून येऊन बसले. वाशीने दुसऱ्या बाजूला गोल केला, हे परत उठले. आता दोन्ही टोकांना त्यांचीच जाळी, त्यामुळे सामन्यात सगळ्यात जास्त धावले तेच म्हणायचे.

सरांचा चेहरा उतरला. त्यांनी हळूच कात्री मागवली. ह्यांनी ते ऐकलं.

"जाल्यान गेलेला भायेर आला, तं त्याला जाला कोन बोलल?"

सरांनी कात्री परत पाठवली. पाहुणे वहीत लिहीत होते. मी मनात खळ्यावर गाड्या लावून मोकळी झाले.

शेवटची दोन मिनिटं, बरोबरी. आमच्या एका पोरीने असा फटका मारला की चेंडू कुणाला दिसलाच नाही. आमचे म्हणाले गोल, वाशीचे म्हणाले खांबाच्या बाहेरून गेला. पंच दोन्हीकडे बघत राहिले. आईबाप मैदानात उतरायला लागले. तेव्हा त्या दोघांतले वयस्कर पाहुणे उठले आणि आमच्या ह्यांना म्हणाले, "काका, खोला सोडा."

सगळे मागे सरले. ह्यांनी नेहमीपेक्षाही सावकाश गाठ सोडली. झटकलं. चेंडू बाहेर आला आणि उताराने घरंगळत वाशीच्याच सरांच्या पायाशी थांबला. गोल धरला, भांडण मिटलं. पाहुणे म्हणाले, इतकी वर्षं मी सामने बघतोय, निम्मी भांडणं चेंडू आत होता की बाहेर यावरच होतात. जागेला त्यांनी पसंती दिली, फक्त एक अट लिहिली. जाळ्यांना शेपटी नको.

कागद गावकीच्या भिंतीवर लागला. गाड्या कुठेतरी दुसरीकडे गेल्या. दोन्ही खोले ह्यांनी स्वतःच कापले, तेव्हा मी घरात नव्हते असं दाखवलं. पण फेकले नाहीत. कापल्या बाजूने शिवले आणि खांबाला टांगले. क्लबचे सगळे चेंडू आता त्यात राहतात.

गाठ मात्र तीच, भिजवून आवळलेली. ती अजून दुसऱ्या कुणाला सुटत नाही, आणि हे कुणाला शिकवतही नाहीत. त्यामुळे रोज साडेचारला मुलं खळा झाडून, चाकं बांधून ओळीने उभी असतात, आणि आमचे हे चहा संपवून, चपला शोधून निघेपर्यंत आमच्या क्लबात हॉकी सुरू होत नाही.