दुसऱ्या मोमोकडे जाणारा हात

मलकापूर स्टेशनच्या रस्त्यावर मोमोची गाडी लावणारी ती नेपाळची बाई कुणालाच "कसं झालं?" असं विचारत नाही. ती फक्त हाताकडे बघते. पहिला मोमो खाल्ल्यावर हात दुसऱ्याकडे किती लवकर जातो, तेवढंच तिला पाहायचं असतं. आमची बोली ती झटपट शिकली, पण नाही म्हणायचं असलं तरी सुरुवात 'हाव'ने, म्हणजे होकारानेच करते.

सुरुवातीला तिच्या गाडीकडे कुणी फिरकत नव्हतं. मला दया आली. एक मोमो खाऊन म्हटलं, "मस्त झाला वं बाई!"

"हाव आजी, नाही. तुमचा हात तं मांडीवरच हाय." तिनं प्लेट उचलली. "गिऱ्हाईक लागलं नाही तं मले देशात वापस जा लागीन. खरं सांगा, काय कमी हाय?"

"चटणी मिळमिळीत हाय," मी कबूल केलं.

मी याच जिल्ह्यातल्या संग्रामपूरहून इथे सून म्हणून आले, तरी परमुलखात पडल्यासारखी महिनाभर रडले होते. मग पापडांचा धंदा काढला. साऱ्या आळीनं तारीफ केली, मी फुगले, आणि दुसऱ्यांदा पापड घ्यायला कुणीच आलं नाही. मी मात्र कित्येक वर्षं आळीलाच नावं ठेवली.

काल तिनं जिभेला चटका देणारी नवी चटणी वाढली. पहिला मोमो तोंडात टाकून मी मुद्दाम दोन्ही हात पदराखाली लपवले. म्हटलं, बघू आता काय करते.

ती हसली. "हाव आजी, ठेवा लपवून. डोळे तं कवाचेच दुसऱ्यावर गेले."