साठ्यांची साखर

पळणाऱ्यांचे किस्से खरं तर पळण्याचे नसतातच, खाण्याचे असतात. नव्वदच्या आसपास डोंबिवलीत आम्ही काही ऑफिसवाले रविवारी धावायचो, आणि पळण्यापेक्षा खाण्यावर जास्त बोलायचो. वर्षातून एकदा डोंबिवली ते टिटवाळा. आमच्यातल्या साठ्यांना ही धाव एकदा तरी स्वतःच्या पायांनी पुरी करायची होती. त्यांची मुलगी वर्षा दरवेळी टिटवाळ्याला सरबत घेऊन उभी राहायची, आणि साठे दरवेळी रिक्षातून उतरायचे!

*

पहिल्यांदा ते उपाशीपोटी धावले. पोट रिकामं म्हणजे अंग हलकं, हा त्यांचा हिशेब. अर्ध्या वाटेवर, शहाडला, डोळ्यांपुढे काजवे चमकले.

*

पुढच्या वर्षी निघण्याआधी ग्लुकोजचा अख्खा पुडा पाण्यात घालून प्यायले. शहाडसुद्धा आलं नाही. आमच्यातल्या डॉक्टर कर्णिकांनी समजावलं, की एकदम एवढी साखर गेली की इन्सुलिन उसळतं, त्यात पायही साखर ओढतात, आणि रक्तातली साखर धाडकन उतरते.

"म्हणजे साखर खाल्ली म्हणून साखर कमी झाली?"

"हो."

साठ्यांनी ग्लुकोजचा रिकामा पुडा उलटसुलट करून वाचला. आम्हीही.

*

मग त्यांनी साखरच सोडली. कर्णिक वाटेत सरबत देत होते, तर हे तोंड फिरवून पुढे! शहाडपुढच्या आंबिवलीला रिक्षा केली. धावताना इन्सुलिन दबलेलं असतं, तेव्हा घोट घोट प्यायलेलं चालतं, असं कर्णिक कळवळून सांगत होते.

"डॉक्टर, तुम्ही आधी काय ते एक ठरवा," साठे म्हणाले.

*

त्यानंतर वर्षाचं लग्न ठरलं, सासर नागपूर. म्हणजे सरबताची ही शेवटची खेप. साठे फार हळवे झाले होते. कर्णिकांनी बजावलं, आदल्या दिवशी भात-बटाटे दाबून खा. नेमकी तेव्हा संकष्टी! चंद्र उगवेपर्यंत अन्नाला शिवणार नाही, म्हणून साठे अडून बसले. कर्णिकांनी हात टेकले.

उपास म्हणून साठ्यांनी सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी रताळ्याचा कीस, संध्याकाळी बटाट्याची भाजी आणि चंद्रोदयानंतर वरणभात नि मोदक, एवढंच घेतलं. उपाशी माणूस धावणार कसा, या काळजीने आम्ही अर्धमेले.

रविवारी शहाड मागे पडलं. आंबिवलीला त्यांनी आपणहून सरबत मागून घेतलं. टिटवाळ्याला चुन्याची रेघ ओलांडली तेव्हा वर्षा पेला धरून पाठमोरी उभी होती, समोरच्या रिक्षा स्टँडकडे डोळे लावून. साठ्यांनी धापा टाकत तिच्या खांद्यावर हात ठेवला. ती दचकून वळली. बापाकडे बघितलं, मग त्यांच्या मागच्या रिकाम्या रस्त्याकडे.

"बाबा, रिक्षा कुठेय?"