नाकाशी वाटाघाटी

जयंतीच्या मंडळाची पत्रकं लिहून माझा हात तयार झालाय. त्यामुळे मांजर्लीतल्या आमच्या सोसायटीने जिन्यातली मांजरं हाकलायचं ठरवलं, तेव्हा मी लगेच पत्रक चिकटवलं: ‘जाहीर निषेध!’ नुसता निषेध करून थांबणाऱ्यांतली मी नाही. त्यातली एक करडी मांजरी घरीच आणली.

आठवड्याभरात नाक नळासारखं वाहू लागलं, छाती शिट्ट्या मारू लागली. सेक्रेटरी जिन्यात भेटले. “काय ताई, मांजरानेच तुमचा निषेध केला की!”

आईने निकाल दिला, “श्वास सुधारला तर ठीक. नाहीतर मांजरी मावशीकडे, अंबरनाथला. घोषणा नकोत.”

कॅम्प दोन या सिंधी वस्तीतल्या डॉक्टरांनी आधी पंप देऊन छाती ताळ्यावर आणली, मग समजावलं. मांजराच्या लाळेत, कोंड्यात एक प्रथिन असतं. बिचारं निरुपद्रवी. पण माझं शरीर त्याला दंगलखोर समजून लाठीमार करतं. इंजेक्शनातून तेच प्रथिन कणभर द्यायचं, हळूहळू वाढवायचं. मग शरीरात लाठीवाल्यांना आवरणाऱ्या पेशी वाढतात, आणि नवी प्रतिपिंडं त्या प्रथिनाला वाटेतच धरतात.

“मग एकदमच द्या ना सगळं!”

“बेटा, ये मोर्चा नहीं है. एकदम दिया तो सांस अटकेगी. तीन-चार साल लगेंगे. फायदा होगा... शायद.”

शायद! पत्रकात ‘कदाचित’ लिहिलं तर मोर्चाला कुत्रंही येणार नाही. वर दर सुईनंतर काही त्रास होतोय का बघायला अर्धा तास बाकावर बसवून ठेवायचे. मी धुमसत बसायचे.

बिल्डिंगला वाटलं, मला मांजराची लस टोचलीय. वर्षभराने वरच्या काकू टोपलीभर पिल्लं घेऊन दारात.

“तुला आता बाधत नाहीत ना? घे!”

“काकू, लस नाही ही! शरीराला थोडी थोडी सवय लावतात.”

“मग ही घे आणि डोस वाढव!”

मी भांडायला तोंड उघडणार, तेवढ्यात आई बाहेर आली. रोजच्यासारखा माझ्या पाठीला कान लावला. बराच वेळ. करडी माझ्या पायातच घुटमळत होती.

“छाती साफ आहे,” आई म्हणाली. मग काकूंकडे वळली. “आमची करडी राहील. ही पिल्लं मात्र न्या हो. हिचं इंजेक्शन एकाच मांजराचं आहे.”

प्रथिन सगळ्या मांजरांचं तेच असतं. पण काकू मान डोलावत निघाल्या होत्या, आणि मी आयुष्यात पहिल्यांदाच चुकीच्या माहितीविरुद्ध पत्रक काढलं नाही.