मुक्याच्या तोंडातले दोन जेट

मुका मुका नव्हता. काम करताना कार्ब्युरेटरचे जेट तोंडात धरायची त्याला सवय, त्यामुळे बोलता यायचं नाही, म्हणून हे नाव पडलं. जेट म्हणजे पितळेचा एवढासा स्क्रू, आरपार भोक पाडलेला. भोक मोठं तर इंजिनाला पेट्रोल जास्त, लहान तर कमी. जमिनीवर ठेवला तर भोकात माती जाते, खिशात ठेवला तर धागे. तोंडात काही जात नाही.

"आणि तोंडातून काही बाहेरही येत नाही," वहिनी म्हणायची. "घरात एक तरी पुरुष असा हवा!"

दुसरा पुरुष म्हणजे तिचा नवरा, दादा. मुक्याहून सहा वर्षांनी मोठा. मुक्याने नवव्या वर्षी दादाची सायकल न विचारता खोलली, तर दादाने पंप मारून त्याचा पुढचा दात पाडला. पंधराव्या वर्षी मुक्याने दादाच्या बरगडीत टायर काढायची पहार घातली. मग बाप दोघांनाही पट्ट्याने फोडून काढायचा आणि तिघं एकाच ताटलीतलं लोणचं घेत जेवायचे. प्रेम होतं की! फक्त ते हाताने दाखवायची घराण्याची रीत होती.

पुढे दादा शर्यती मारायला लागला आणि मुका त्याची गाडी सांभाळायला. गाडी चार चाकांची, पण हॅण्डलची. टू-स्ट्रोक इंजिन, दोन सिलिंडर, दोन कार्ब्युरेटर. कच्च्या रस्त्याचा सरळ पट्टा, शेजारी शेजारी दोन गाड्या, सात-आठ सेकंदांत खेळ खल्लास.

बाविसाव्या वर्षी मुक्याने लंबू नावाच्या मित्राच्या हट्टापायी त्याच्या गाडीला एक नंबर लहान जेट लावला होता. पेट्रोल कमी मिळालं की हे इंजिन काही क्षण वेड्यासारखं ओढतं. पण त्याला तेलही पेट्रोलमधूनच मिळतं. लंबूचा पिस्टन तापून फुगला, सिलिंडरला चिकटला, मागची चाकं जागच्या जागी जाम झाली आणि लंबू हॅण्डलवरून उडाला. मान मोडल्याचा आवाज मुक्याने ऐकला. तेव्हापासून त्याचा एकच कायदा: गाडी पूर्ण पळवायची, इंजिन बंद करायचं, प्लग काढून रंग बघायचा. बदामी, तर ठीक. काळा, तर पेट्रोल जास्त. पांढरा, तर मरण.

त्या दिवशी दादा त्याच्या जुन्या प्रतिस्पर्ध्याकडून, टायरवाल्याकडून, पहिली फेरी अर्ध्या चाकाने हरला. दुसरी फेरी तासाभरात होती. त्याने दोन लहान जेट मुक्याच्या हातावर आपटले.

"लाव."

मुक्याने सवयीने ते तोंडात टाकले आणि प्लग काढला. आधीच पांढुरका होता. त्याने तो दादाच्या नाकासमोर धरला.

"दिसतंय मला. लाव."

मुक्याने मान हलवली.

"तुझ्या त्या लंबूला गाडी धरता येत नव्हती. मी लंबू आहे का?"

पुन्हा नकार. दादाने एका हाताने त्याचे दोन्ही गाल आवळले. "थुंक! थुंक म्हणतो ना!"

मुक्याने दात आवळले. दादाचा गुडघा पोटात बसला, मग ठोसा जबड्यावर. मुका गाडीच्या चाकावर आपटला, ओठ फाटला, आणि वर बघत, शांतपणे, त्याने घोट घेतला. रक्ताचा आणि पितळेचा.

"गिळले?" दादाला खरं वाटेना. त्याने मुक्याच्या घशात दोन बोटं घातली. मुक्याने ती कडकडून चावली. वहिनी पाण्याची बादली घेऊन धावली आणि दोघांच्या डोक्यावर रिकामी केली.

"कुत्रीसुद्धा पाण्याने सुटतात रे!"

दादा उठला, थेट टायरवाल्याकडे गेला. टायरवाल्याने आपली डबी पुढे केली. "घे की, हवे तेवढे घे. तुझ्या भावाला भूक लागली होती म्हणे?"

जेट मिळाले. दादाने ते स्वतः लावले, बोटांतून रक्त गळत असताना. गाडीवर बसून इंजिन चालू केलं. वेग द्यायला या गाडीची मूठ पिळायची नसते. मुठीजवळची पट्टी उजव्या अंगठ्याने दाबायची असते. अंगठा पट्टीवर होता.

मुक्याने हातोडी उचलली.

"दादा, उतर."

"हट!"

एकच घाव, अंगठ्यावर. हाड सुकी फांदी मोडावी तसं वाजलं. दादाची किंकाळी इंजिनाच्या आवाजाच्या वर गेली. डाव्या हाताने त्याने मुक्याला कॉलर धरून ओढलं, कपाळाने त्याचं नाक फोडलं, आणि दोघं मातीत लोळले. वहिनीने इंजिन बंद केलं आणि चावी ब्लाउजमध्ये टाकली.

टायरवाला एकटाच पळाला आणि जिंकला.

दवाखान्यात डॉक्टरने विचारलं, "हे कशानं झालं?"

"पडलो," दादा म्हणाला.

"आणि याचं नाक?"

"तोही पडला. माझ्यावर."

डॉक्टर प्लॅस्टर कालवायला आत गेला. दोघं एकाच बाकावर बसले होते.

"दोन महिने," दादा अंगठ्याकडे बघत म्हणाला. "मग तुझी एकेक बरगडी मोजतो."

"मोज," मुका सुजलेल्या ओठांतून म्हणाला. "मोजायला तू असशील तरी."

दादाने कोपराने त्याला ढोसलं, बरोबर दुखऱ्या जागी. मुका विव्हळला, पण बाकावरून सरकला नाही.