मी फणस सोडला होता

फणस मला लहानपणापासून आवडत नव्हता. म्हणजे नाक मुरडण्यापुरतं नव्हे. पिकलेला बरका फणस घरात आला की त्या वासानं माझ्या पोटात ढवळायचं. गिरगावात आमच्या दोन खोल्यांत कोकणातल्या आमच्या गावाहून आलेला तो पोटमाळ्यावर पिकत ठेवलेला असायचा आणि मी जिन्यात जाऊन बसायची. एकदा मामानं लाडानं एक बुळबुळीत गरा माझ्या तोंडात कोंबला, तो मी त्याच्याच धोतरावर काढला. तेव्हापासून माहेरी मला कुणी आग्रह केला नाही. पण लग्न होऊन मी डिलाईल रोडच्या चाळीत आले ती तुळशीच्या लग्नानंतर. फणसाचे दिवस लांब होते आणि सासरी हे कुणाला ठाऊक नव्हतं.

त्याच हिवाळ्यात मुंबई महाराष्ट्राला मिळत नाही अशी बातमी आली आणि गिरणगाव पेटलं. गोळीबार झाला, संचारबंदी लागली, मागच्या चाळीतला एक तरणा माणूस गेला. पुरुष सभांना आणि मोर्च्यांना जात होते. बायकांनी काय करायचं? एका दुपारी आमच्या मजल्यावरच्या बायका गॅलरीत जमल्या होत्या, तेव्हा माझ्या सासूबाईंनीच विषय काढला. काशीला जाऊन आलेली माणसं आवडीचा एक जिन्नस सोडतात, तसं प्रत्येकीनं काहीतरी सोडायचं, आणि मुंबईसकट महाराष्ट्र होईपर्यंत त्याला शिवायचं नाही.

सासूबाई मालवणकडच्या. त्यांनी मासे सोडले. सोमवारचं शाकाहारी जेवतानाही ज्यांना मंगळवारचा बांगडा दिसायचा, त्या बाईनं मासे सोडले! शेजारच्या वहिनींनी चहा सोडला आणि लगेच बजावलं, "उकाळा सोडलेला नाय हां, आधीच सांगते." सगळ्या हसल्या. मग सगळ्या माझ्याकडे वळल्या.

मी एकोणीस वर्षांची होते. मला सुकटीची चटणी जीव की प्राण होती, आणि तेच नाव ओठावर आलं होतं. मी ते गिळलं आणि म्हणाले, "मी फणस सोडला."

घाबरले होते, नवी होते, तोंडातून निघून गेलं, असं सांगायला मला आवडेल. पण ते खरं नाही. मी नीट विचार करून बोलले. मोठा वाटेल पण जड जाणार नाही असा जिन्नस मी तेवढ्या वेळात शोधून काढला होता.

"अगो बाय माझ्या!" सासूबाईंनी माझ्यावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली. "कोकणातला चेडू आणि फणस सोडता!" वहिनींनीही डोळ्यांना पदर लावला. महिनाभर चाळीत माझंच कौतुक. नळावर बायका मला आधी हंडा लावू द्यायच्या, आणि मी लावायची.

शिमग्याच्या सुमारास माझा नवरा सत्याग्रहात पकडला गेला आणि काही दिवसांनी सुटून आला. नेमक्या तेव्हाच गावाहून दोन कुयऱ्या आल्या. कुयरी म्हणजे कोवळा फणस, त्याची भाजी करतात. नवऱ्याला ती फार आवडायची. सासूबाईंनी हाताला आणि विळीला तेल लावलं, चीक पुसत पुसत कुयरी चिरली, उकडली, ठेचली. मग लोखंडी कढईत मोहरी, लसूण, सुक्या मिरच्या आणि भिजवलेले काळे वाटाणे. झाकण ठेवून शेवटी मूठभर ओलं खोबरं आणि गुळाचा खडा. मी नाकाला पदर लावायच्या तयारीत उभी होते. पण तो वास फणसाचा नव्हताच. तो भाजलेल्या, तिखट, किंचित गोड अशा कशाचा तरी होता आणि माझ्या तोंडाला चक्क पाणी सुटलं.

नवऱ्यानं तीन वेळा वाढून घेतली. सासूबाई मात्र आमटीभातावर जेवत होत्या. "आये, तू घे ना," तो म्हणाला.

"सुनेन सोडलेलो फणस मी तिच्या समोर बसान खांव?" त्या म्हणाल्या. "ती खायत तेव्हा मी खायन."

म्हणजे त्यांनी मासे सोडलेच होते, आता माझ्यापायी फणसही सोडला. तेव्हा मी बोलायला हवं होतं. मी खाली बघून भात कालवत राहिले.

जेवणं झाल्यावर कढई घेऊन मी मोरीवर गेले. तळाला भाजी लागली होती, तांबूस, खरपूस. आजूबाजूला कुणी नव्हतं. मी ती नखानं खरवडून खाल्ली. पहिल्या घासालाच मला रडू आलं, इतकी ती सुरेख होती. ज्याच्या नावानं मला उलटी व्हायची त्याचं त्या बाईच्या हातानं असं काहीतरी झालं होतं. मी कढई चाटूनपुसून साफ केली आणि मग राखेनं घासली.

तोवर मी सोडलं काहीच नव्हतं. ज्या दुपारी माझ्या सोडण्याला पहिल्यांदा अर्थ आला, त्याच दुपारी मी ते मोडलं. आणि एकदाच नाही. दरवर्षी कुयऱ्या आल्या, दरवर्षी मी कढई घासायला पुढे झाले. "पोर कामाक वाघ आसा," असं सासूबाई वहिनींना सांगायच्या. वहिनी उकाळा ढोसत मान हलवायच्या. त्यांची पळवाट सगळ्यांना ठाऊक होती, म्हणून त्या हसू शकत होत्या.

सासूबाईंची गोष्ट अशी, की मासे त्या रांधत होत्याच. शीव कोळीवाड्याची कोळीण टोपली घेऊन दारात यायची, सासूबाई बांगड्याचे कल्ले उघडून बघायच्या, घासाघीस करायच्या, तिरफळं घालून तिखलं करायच्या. पण बोटसुद्धा चाटायच्या नाहीत. "मीठ बघ गो," म्हणून पळी माझ्यापुढे धरायच्या. त्यांच्या सोडलेल्या माशांचं मीठ चार वर्षं मी चाखलं. मी गिळताना त्या माझ्या तोंडाकडे बघत राहायच्या.

दुसऱ्या वर्षी एकदा धीर केला. "आई, मला तुम्हाला एक सांगायचंय. फणसाचं..." एवढ्यावर त्यांनी माझा हात धरला. "जड जाता ना? माका कळता गो. माकाय जाता. थोडे दिस सोस." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यानंतर मी पुन्हा कधी प्रयत्न केला नाही.

शेवटी महाराष्ट्र झाला. मे महिना, फणसाचे दिवस. चाळीला तोरणं लागली, आणि मंगळवारी दुपारी आमच्या खोलीत बायका जमल्या. सासूबाईंनी फणसाची भाजी केली होती, पिकलेला फणसही फोडला होता, आणि स्वतःसाठी बांगडे. वहिनींपुढे कपभर चहा होता. "आधी माझ्या सुनेचा," म्हणत सासूबाईंनी स्वतःच्या हातानं एक पिकला गरा माझ्या तोंडात घातला. बुळबुळीत, तोच मामाचा. सगळ्या बघत होत्या. मी तो गिळला. पोटातून उमासा आला, डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहिलं आणि बायका म्हणाल्या, बघा, बिचारीनं किती सोसलं. मग मी भाजी खाल्ली, ती मात्र मनापासून.

मग सासूबाई बसल्या. बांगड्याचा तुकडा तोंडात घातला, बराच वेळ चावला, आणि थांबल्या. पाण्याबरोबर उतरवला. दुसरा घास नाकाशी नेला आणि खाली ठेवला. "वास येता," त्या हळूच म्हणाल्या आणि उठून मोरीवर गेल्या. त्या ओकत होत्या ते आम्हा सगळ्यांना ऐकू येत होतं.

पुढे तिसऱ्यांचं सुकं करून झालं, सुरमई करून झाली, सोड्यांची खिचडी झाली. त्यांनी स्वतः रांधलं, मी रांधलं, त्यांच्या बहिणीनं गावाहून येऊन रांधलं. चार वर्षांत त्यांच्या जिभेची चव कायमची पालटली होती. कुणाच्याच हातानं त्यांना मासा पुन्हा गोड लागला नाही.

फणसाची भाजी मात्र दरसाल व्हायची. मी भरपूर खायची आणि त्या समोर बसून बघायच्या. खूप वर्षांनी, खूप थकल्यावर, अशाच एका दुपारी त्या म्हणाल्या, "तुझी आवड तरी रवली गो. माझी गेली ती गेलीच." त्यात तक्रार नव्हती. त्यांना माझ्यासाठी खरोखर बरं वाटत होतं. मग कढईच्या तळाची खरपूस भाजी त्यांनी उलथन्यानं काढून माझ्या ताटात वाढली, आणि मी ती सगळी खाल्ली.