आमच्या राणीचा बाप रानमांजर होता का?

मैत्रिणींनो, आज सकाळी आमच्या मांजरीचा, राणीचा, डीएनए अहवाल आला.

आमचे हे वनखात्यात होते. मूल गावाहून येताना हे पिलू खिशात घालून आणले आणि म्हणाले, "हिचा बाप रानमांजर आहे." लेक हसायची, "बाबांची थाप!" हे गेले, वाद राहिला. म्हणून तिने चाचणी करवली.

अहवालात राणी निम्मी पर्शियन! रानमांजराचे नावही नाही. माझे डोळे भरले.

कामाला येणाऱ्या शांताबाई म्हणाल्या, "काऊन रडता जी? त्या मशिनीनं आपल्या इकडचं रानमांजर कधी पाह्यलं तरी काय?"

मी लेकीला कंपनीकडे विचारायला लावले. दुपारी तिचा फोन आला, "आई, त्यांच्याकडे ताडून पाहायला रानमांजराचा नमुनाच नाही. बाबा अजून हरले नाहीत ग."

मला तेवढे पुरले. तुम्हाला पुरले असते?