आजाऱ्याचा वाटा

आबा, गाव सोडलेल्याला हमालांच्या सोसायटीत घ्यायचं नाही, हे तुमचं म्हणणं मला अजून पटत नाही. हे पत्र दोंडाईच्याला चहाच्या दुकानावर सगळ्या हमालभाऊंना वाचून दाखवा.

आज सुरतेत कापडाच्या गाठी उतरवल्या. मजुरी वाटताना मी सवयीनं आजाऱ्याचा वाटा बाजूला काढला, कारण आमच्यातला रामसिंग तापानं पडलाय. "तो तुना सासरा शे का?" म्हणत आपल्याच शिरपूरकडचा गडी हसला. रामसिंगला मग माझ्यातलेच दिले.

आपला निंब फार आठवला. मिरचीची पोती उतरवून त्याच्या सावलीत बसलो की कंबर धरलेल्या नानांचा वाटा पहिला निघायचा. सोसायटी तेव्हाच झालेली, कागद आता होतोय. मग मी बाहेरचा कसा, सांगा ना?

मनीऑर्डरनं माझा शेअर पाठवतोय, दहा रुपये.